गुन्हा कर्जतला, अटक कराडला

कोल्हापूरला नात्यातला साखरपुडा होता. आईच्या हट्टामुळे दिवसाची कोयना एक्स्प्रेस धरली. रात्रीच्या गाडीत नुसतं झोपायचं असतं, खायला काही मिळत नाही, हा तिचा आक्षेप. तिच्या लेखी मुंबई-कोल्हापूर हा रेल्वेमार्ग नव्हेच, ते वाढलेलं ताट आहे: डावीकडे कर्जतचा वडा, मध्ये साताऱ्याचे कंदी पेढे, उजवीकडे सांगलीचं भडंग आणि वाटीत कोल्हापूरचा रस्सा.

बरोबर भावजी होते. भावजींचं पोट नाजूक आणि आवाज दणदणीत. "मी बाहेरचं काही खात नाही," हे त्यांनी ठाणं यायच्या आत समोरच्या बाकावरच्या कराडच्या काकांना, तिकीट तपासनीसाला आणि चहावाल्याला सांगून टाकलं. चहावाल्याला सांगून झाल्यावर त्याच्याकडून चहा घेतला. चहा ते बाहेरचा धरत नाहीत.

कर्जतला गाडी थांबली. इथून पुढे बोरघाट. 1863 साली सुरू झालेल्या या मार्गाचा चढ असा, की सदतीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर चढते. म्हणून मागून ढकलायला इंजिनं जोडतात, आणि ती जोडेपर्यंत अख्खी गाडी वडा खाते. खिडकीतून पुडा आत आला. कागदावर तेलाचा डाग पसरत चाललेला, तळलेल्या मिरचीवर मिठाचे खडे, आणि वडा फोडला की हिंग-लसणाची वाफ थेट चष्म्यावर.

"तळलेलं!" भावजींनी नाक मुरडलं. "त्यात बटाटा, त्यात डाळीचं पीठ. एकजात वातूळ." आणि त्यांनी आपला स्टीलचा डबा उघडला. मोड आलेले कच्चे मूग, त्यावर मूठभर चिरलेला कांदा. मग दोन सफरचंदं, सालासकट. मग चघळायला बिनसाखरेच्या गोळ्या. आम्ही वडे हाणत असताना ते कच्चे मूग चावत आमच्याकडे करुणेनं पाहत होते. खंडाळ्याच्या बोगद्यातल्या अंधारातही त्यांचं चावणं ऐकू येत होतं.

पुणं गेलं, दुपार कलली, सातारा आलं. आईनं पेढ्याचा खोका उघडला. "जावईबापू, एवढा एक तरी घ्या. देवाचा प्रसाद समजा." सासूबाईंचा शब्द मोडवेना म्हणून भावजींनी एक पेढा घेतला, तोही जरा नाराजीनंच.

मसूरच्या आसपास भावजी गप्प झाले, हीच पहिली धोक्याची खूण. मग त्यांनी पट्टा एक भोक सैल केला. मग दुसरं. पोटातून असे आवाज यायला लागले, की वरच्या बर्थवरच्या माणसानं वाकून खाली पाहिलं.

"पेढा बाधला," भावजींनी निदान केलं.

"साताऱ्याच्या पेढ्याला नावं ठेवू नका हो," आई दुखावून म्हणाली. "अजून तो घशाखाली नीट उतरला नसेल."

ती रागानं म्हणाली, पण शास्त्रशुद्ध म्हणाली. आमची भाची आहारशास्त्र शिकते. तिनं बापाच्या पोटाचा पंचनामाच सुरू केला. "बाबा, खाल्लेलं आधी काही तास जठरात आणि लहान आतड्यात रेंगाळतं. जे तिथे पचत नाही, ते पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात. मुगातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा पचवायचं विकर माणसाकडे नसतंच. मोड आणल्यानं त्या कमी होतात, संपत नाहीत. कांद्यातलं फ्रुक्टान तसंच. सफरचंदात फ्रुक्टोज जास्त, शिवाय सॉर्बिटॉल. तुमच्या बिनसाखरेच्या गोळ्यांतही सॉर्बिटॉलच असतं. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठानं अशा पदार्थांना फॉडमॅप असं नाव दिलंय आणि त्यांच्या याद्या केल्यात. तुमचा डबा म्हणजे ती यादीच आहे."

"आणि पेढा?"

"मोठेपणी पुष्कळांना दुधातलं लॅक्टोज नीट पचत नाही, त्यामुळे पेढा साथीदार ठरू शकतो. पण आत्ताच खाल्लाय. त्याला वेळ आहे."

कराड आलं. काकांनी पिशवी उचलली आणि उतरता उतरता निकाल दिला, "थोडक्यात काय, गुन्हा कर्जतला आन् अटक कराडला. सापडलेला पेढा मात्र निरपराध."

भावजींनी खिडकीतून सोड्याची बाटली मागवली आणि घटाघटा प्यायली. आधीच फुगलेल्या पोटात बाहेरून आणखी वायू भरायची ही युक्ती पाहून भाचीनं कपाळावर हात मारला. आईनं मात्र पिशवीतून हिंगाष्टकाची डबी काढली. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग, ही आठ नावं तिला नातवंडांच्या नावांपेक्षा चांगली पाठ. "खरं म्हणजे तुपाबरोबर पहिल्या घासाला घ्यायचं असतं. आता गाडीत तूप कुठून आणू? कोरडंच घ्या."

किर्लोस्करवाडीला भावजींना ढेकर आली. साधीसुधी नव्हे, बर्थवरचा माणूस "आता बरं वाटलं" म्हणाला. ढेकरेचं श्रेय सोड्याचं की हिंगाष्टकाचं, यावर सासू-जावयात भिलवडीपर्यंत अतिशय आदरपूर्वक भांडण झालं. सांगलीला भावजींनी भडंगाची मूठ भरली, ती पोट रिकामं झाल्याच्या आनंदात.

कोल्हापुरात पाहुण्यांनी दारातच सांगितलं, "पाव्हणं, आता लाजायचं न्हाई." तांबड्या रश्श्यावर तवंग असा, की त्यात दिवा दिसत होता. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच जाऊन भिडतं, त्यामुळे मेंदूला खरोखरच आग लागल्यासारखं वाटतं, असं भाची सांगत होती. भावजींनी ते ऐकत ऐकत तिसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि मध्ये मध्ये पांढऱ्यानं आग विझवली. मी नुसतं पाहिलं तर म्हणाले, "हे बाहेरचं नाही. पाहुण्यांच्या घरचं आहे." दुसऱ्या दिवशी गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पेलाभर प्यायले. "डोळ्यांसमोर काढलंय, त्याला काय होतंय?"

परतीची तिकिटं भाचीनं रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसची काढली होती. ती म्हणाली, "रश्श्याचा आणि दुधाचा निकाल लागेल तेव्हा डब्यात अंधार असेल, सगळे झोपलेले असतील. आरोपी सापडायचा नाही."

आईनं तिकिटं हातात घेऊन बर्थचे आकडे नीट पाहिले.

"जावईबापूंना दाराजवळचा द्या," ती म्हणाली. "मान आहे त्यांचा."