बोलणीतले नाना

पुण्यात रिसेलचा फ्लॅट घ्यायचा तर बँकेचं कर्ज मंजूर असावं लागतं, वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट असावा लागतो आणि घरात एक नाना असावे लागतात. पहिल्या दोन गोष्टी पैसे टाकले की होतात. नाना मात्र नात्यातच असावे लागतात. कोणाचे काका, कोणाचे मेहुणे, कोणाचे नुसतेच ‘आमच्या ओळखीतले एक’. वय साठीच्या पुढे, काखेत रेक्झिनची बॅग, बॅगेत मोजायची टेप आणि चेहऱ्यावर असा भाव, की फुकट दिलंत तरी घरी विचारून सांगू.

नानांचं काम एकच : आकडा टाकणं. घर तुम्ही शोधायचं, हप्ते तुम्ही फेडायचे. पण मालकासमोर पहिला आकडा नानांच्या तोंडून जायचा. त्यासाठी रविवारी सकाळी सोसायटीच्या गेटपाशीच सगळ्यांना उभं करून सूचना होतात. ‘छान’ म्हणायचं नाही. बाल्कनीतून टेकडी दिसली तरी तिकडे बघत उभं राहायचं नाही. आणि स्वयंपाकघरात शिरून कोणीही, “इथे आपलं देवघर बसेल गं,” असं म्हणायचं नाही. “त्या एका वाक्याचे दोन लाख पडतात,” असं सांगताना नाना नेमके सुनेकडे बघतात.

आत गेल्यावर नाना चहा घेत नाहीत. ज्याचा चहा घेतला त्याला कमी आकडा सांगताना जीभ अडखळते, असं त्यांचं मत. मग ते घर बघायला लागतात. बाथरूमचे नळ सोडतात, फरशीवर टिचकी मारून कान देतात, उन्हाळ्यात टँकर किती लागतात ते विचारतात. बेडरूममध्ये भिंतीला टेकलेलं कपाट दिसलं की थबकतात. कपाटामागे हात घालतात, बोटं बाहेर काढून नाकाशी नेतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. शेवटी मालकालाच राहवत नाही. “मागच्या पावसाळ्यात जरा ओल आली होती, पण आता वॉटरप्रूफिंग करून घेतलंय.” नाना नुसती मान हलवतात. बोटांना खरं तर धुळीखेरीज काही लागलेलं नसतं.

हॉलमध्ये परत आल्यावर कागदपत्रं. शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर? भोगवटा पत्र आहे ना? कन्व्हेयन्स झालंय? या शेवटच्या प्रश्नाला भल्याभल्यांचा आवाज खाली येतो. एवढं झालं की एजंट गोड हसून म्हणतो, “साहेब, मालकांचं एक्स्पेक्टेशन ८५ आहे. पण बैठकीत थोडं इकडेतिकडे होईल.”

नाना बॅगेतून घडी घातलेला कागद काढतात. त्याच इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा इंडेक्स टू. नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरून नातवाकडून काढून घेतलेला.

“हा ७८ ला गेला.”

“त्यांना घाई होती. मला घाई नाही,” मालक म्हणतो.

“आम्हालाही नाही.”

मग घाई नसलेली दोन माणसं पंख्याखाली गप्प बसून राहतात. पंखा आवाज करतो हेही नाना मनात टिपून ठेवतात. आणि मग, टपालाचं तिकीट मागावं इतक्या सहज, म्हणतात, “७१.”

आतून मालकीणबाई येतात आणि नानांचा न घेतलेला चहा उचलून घेऊन जातात.

या पहिल्या आकड्याचं नानांचं एक शास्त्र आहे. आकडा ऐकून मालक लगेच ‘ठीक आहे’ म्हणाला तर आपण जास्त बोललो. ‘या आता’ म्हणाला तर फारच कमी. आणि ‘काहीतरीच काय!’ म्हणाला तर अगदी नेमका. ‘काहीतरीच काय’ आलं की नाना खुर्ची पुढे ओढतात. स्टॅम्प ड्यूटीचे ७ टक्के, नोंदणीचे ३० हजार, तुमचा हा एजंट, वर रंगरंगोटी, हे सगळं आमच्याच खिशातून जाणार, असा पाढा सुरू होतो. पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून एक टक्का टीडीएस कापूनच पैसे मिळतील, हे ते अशा सुरात सांगतात की तोही आपण कमीच केला असं मालकाला वाटावं. सुनेच्या नावावर घेतलं तर ड्यूटीत एक टक्का सुटतो. ही सवलत सरकारने २०२१ मध्ये दिली. घरी मात्र ती नानांच्या खात्यावर जमा आहे.

खरी बोलणी होतात ती दाराशी. “बरं, येतो,” म्हणून नाना उठतात आणि एक पाय चपलेत घालतात. दुसरा घालेपर्यंत मालक ८२ वर आलेला असतो. लिफ्ट येईपर्यंत नाना ७८ वर. लिफ्टचं दार दोनदा उघडून मिटतं, आणि ८० ला सुटतं. पितृपक्ष लागायच्या आत ५१ हजारांचा विसार देऊन पावती घ्यायची, हेही तिथे जिन्याच्या कठड्याला टेकूनच ठरतं.

गंमत अशी की हे ८० ला जाणार, हे एजंटला पहिल्याच दिवशी माहीत असतं. मग ८० सांगून ८० ला का नाही घेत? तसं झालं तर मालकाला रात्रभर वाटेल, आपण स्वस्तात दिलं. घेणाऱ्याला वाटेल, आपण फसलो. नाना मध्ये पडले की मालक म्हणतो, ७१ पासून वर आणला. घेणारा म्हणतो, ८५ वरून खाली ओढला. दोघंही सुखाने झोपतात. नानांनी पैसे वाचवले की नाही कोण जाणे. झोप दोन घरांची वाचवली.

परवा नानांनी स्वतःचाच वन बीएचके विकायला काढला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसऱ्याच्या घरात या दोषाचे नानांनी तीन लाख कापले असते. इथे म्हणाले, “गुडघे शाबूत राहतात.” बघायला आलेल्या जोडप्याबरोबर एक गृहस्थ होते. काखेत बॅग. काकूंनी चहा आणला, गृहस्थ म्हणाले, “नको, आत्ताच झाला.” नानांचे डोळे चमकले. गृहस्थ आत गेले, कपाटामागे हात घातला, बोटं नाकाशी नेली आणि गप्प राहिले. नानाही गप्प. अशी दहा मिनिटं गेली. काकूंना वाटलं, दोघांपैकी कोणाला तरी काहीतरी होतंय.

घराची किंमत त्या मानाने लवकर ठरली. अडलं ते सोसायटीच्या ट्रान्स्फर फीवर. सरकारी मर्यादेप्रमाणे ती जास्तीत जास्त २५ हजार. पण कोणी भरायची? यावर दीड तास गेला. गृहस्थांनी दोनदा चपला घातल्या, नानांनी दोनदा त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. शेवटी साडेबारा-साडेबारा. मग दोघांनी मिळून चहा घेतला, तोही दोनदा.

तेव्हापासून नानांनी एक अट घातली आहे. नात्यात कोणाचं घर विकायचं असलं की ते आधी विचारतात, घेणारे बरोबर कोणाला आणणार आहेत? ते बॅगवाले गृहस्थ येणार असतील, तरच नाना येतात. बाकीच्यांशी काय बोलायचं? ते सरळ पैसेच देतात.