पाहुण्या श्वानाच्या भोजनासंबंधी मार्गदर्शक सूचना

वरच्या मजल्यावरचे काका-काकू मुलाकडे न्यू जर्सीला जातात आणि त्यांचा लॅब्रेडॉर आपल्याकडे सोडून जातात, अशा प्रसंगी या सूचना उपयोगी पडाव्यात. सोयीसाठी कुत्र्याचे नाव सिंबा धरू. सूचना सिंबासाठी नाहीत, घरातल्या माणसांसाठी आहेत. त्यातही मुख्यतः आईसाठी, पण ती त्या वाचणार नाही.

अधिकार : जेवण घालण्याचा अधिकार घरात एकाच व्यक्तीकडे असावा. घातल्यावर फ्रिजवर लावलेल्या कागदावर वेळ घालून सही करावी. सही नसली की सिंबा प्रत्येकाला स्वतंत्रपणे भेटून आपल्या उपासमारीचे निवेदन सादर करतो. आईने सहीला साफ नकार दिला. "जेवू घातल्याच्या पावत्या कसल्या फाडता?"

मोजमाप : कोरडे खाणे वाटीने मोजू नये, काट्यावर तोलावे. वाटी किती भरायची हे भरणाऱ्याच्या मायेवर ठरते. काकूंनी ठेवलेलेच खाणे द्यावे. एकाएकी बदलले तर पोट बिघडते, आणि मध्यरात्री त्याला खाली कोणी न्यायचे हे घरात मला न विचारता ठरलेले असते.

अभिनय : सिंबा पाटासमोर बसतो, मान तिरकी करतो आणि असा बघतो की आपल्याला घास गिळवत नाही. इथे शास्त्राचा आधार घ्यावा. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना आढळले की सुमारे चारांतल्या एका लॅब्रेडॉरमध्ये 'पॉमसी' नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देण्याच्या कामात हे जनुक असते. २०२४ मध्ये त्याच विद्यापीठातून पुढचे कळले : असे कुत्रे दोन जेवणांच्या मधल्या वेळात जास्त भुकेले असतात, वर स्वस्थ पडले असताना ऊर्जाही कमी खर्चतात. म्हणजे तो खोटे बोलत नसेल, त्याला खरेच भूक लागत असेल. तरी द्यायचे नाही. हे सगळे मी आईला समजावून सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आजारीच की बिचारा," आणि साय काढायला उठली.

वर्ज्य पदार्थ : इथे थट्टा नको. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बेदाणे आणि मनुकांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले तर चालते याचा भरवसा नाही. चॉकलेट नको, शिजवलेल्या कोंबडीची हाडे नकोत. थोडक्यात, आपली आमटी, आपली भाजी आणि सत्यनारायणाचा शिरा बाद. "प्रसादाला नाही म्हणू नये," असा मुद्दा निघालाच. शेवटी काकडीची चकती देवापुढे ठेवून त्याला देण्यात आली. त्याने ती आमच्या सर्वांपेक्षा जास्त भक्तिभावाने घेतली.

पोळी : नियम करू नये, पाळला जात नाही. वरचे खाणे दिवसाच्या एक दशांशापुढे जाऊ नये असे पशुवैद्य सांगतात. तेव्हा तुकडा गेलेला दिसला की रात्रीच्या वाडग्यातून गुपचूप तेवढे कमी करावे. बरगड्यांवरून हात फिरवून पाहावा. त्या हलक्या दाबाने हाताला लागल्या तर ठीक. शोधाव्या लागल्या तर आईकडे पाहावे.

माझ्या पानात तिसरी पोळी वाढायची वेळ आली की हीच बाई माझ्या साखरेचा आकडा काढते. मीही मान तिरकी करून पाहिली. उपयोग होत नाही.

व्हिडिओ कॉल : शक्यतो टाळावा. ग्रॅमचा तक्ता स्वतःच्या हाताने लिहून गेलेल्या काकू पडद्यावर सिंबा दिसताच म्हणाल्या, "अगं बाई, किती वाळला गं!" आईने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी फ्रिजवरचा कागद कायद्याने रद्द झाला.

पुढच्या खेपेला काकूंनी सिंबाला खुशाल इथे ठेवावे, तक्ता ठेवला नाही तरी चालेल. आईला मात्र सोबत न्यू जर्सीला न्यावे, ही नम्र विनंती.