बिनस्टेपनीचे भाऊसाहेब

जर्मन गाडी घेतलेला माणूस आधी इंजिनाबद्दल बोलतो आणि ते ऐकणारे उरले नाहीत, की टायरवर येतो. आमच्या सोसायटीतले भाऊसाहेब थेट टायरवरच आले. "रनफ्लॅट आहेत! हवा शून्य झाली तरी ८०च्या स्पीडनं ८० किलोमीटर! टायरची बाजूच इतकी जाड, की गाडीचं वजन तीच पेलते." मग डिकी उघडून दाखवतात. स्टेपनी नाही, जॅक नाही, पाना नाही. नसलेल्या वस्तू इतक्या अभिमानानं दाखवणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

ती जाड बाजू खड्डा गिळत नाही, जसाच्या तसा वर पाठवते. काकू कंबर धरून उतरतात. भाऊसाहेब म्हणतात, "याला रोड फील म्हणतात."

पंचाईत एकच, पंक्चर होईना. रस्त्याकडेला कोणी घामाघूम होऊन चाक बदलताना दिसला, की भाऊसाहेब काच खाली करून हळहळत, आणि त्यात थोडा हेवाही असे. अखेर साताऱ्याला जाताना शिरवळच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. भाऊसाहेब हरखून खाली उतरले. पण चारही चाकं दिसायला सारखीच! "पंक्चर झालंय!" "कुठं हो?" काकूंना शेवटपर्यंत पटलं नाही. (दिवा नसता तर यांनाही कळलं नसतं, म्हणून तर या टायरला तो दिवा लागतोच.)

पंक्चरवाला म्हणाला, "स्टेपनी काढा." नाही. "जॅक?" नाही. "रिमवरनं हा माझ्या मशीनवर निघायचा नाही, साहेब. मग आता करू काय?"

गाडी तशीच हळूहळू पुण्याला आणली. खरं तर अंधाऱ्या हायवेवर जॅक लावत बसण्यापेक्षा हा टायर कितीतरी बरा. पण हे त्यांच्यासमोर कबूल केलं तर आणखी तासभर ऐकावं लागेल. शोरूमवाल्यानं मात्र सांगितलं, बिनहवेचा पळवलाय, आतून कितपत खराब झालाय याचा भरवसा नाही, नवाच घ्या. साध्या टायरपेक्षा बराच महाग, शिवाय ऑर्डर देऊन मागवायचा. चार दिवस भाऊसाहेब रिक्षानं फिरले.

जुना टायर त्यांनी हट्टानं घरी आणलाय. पाहुण्यांना त्यात बोट घालून जाडी बघायला लावतात. काकूंनी कढीपत्त्यासाठी माती मागवली आहे.