अप्पांची सुगंधी रात्रपाळी

झोप न येणारी माणसं दोन प्रकारची. काही गुपचूप आढ्याकडे बघत पडून राहतात, तर काही जागरणाचं खातं उघडतात. आमच्या सोसायटीतले अप्पा दुसऱ्या प्रकारचे. बँकेतून निवृत्त झाले आणि लगेच निद्रानाशात रुजू झाले.

झोपेच्या गोळीचं नाव काढायचं नाही. ‘केमिकल पोटात नको!’ लॅव्हेंडरच्या तेलातलं लिनालूलही केमिकलच, असं म्हणायला जावं, तर अप्पा तोवर जम्मूतल्या भदरवाहला पोचलेले असतात. तिथल्या शेतकऱ्यांनी मका सोडून लॅव्हेंडर कसं धरलं, ते सांगून मुक्काम हलतो फ्रान्सला. गातफॉसे नावाच्या रसायनतज्ज्ञाचा हात प्रयोगशाळेत भाजला, पुढे १९३७ साली त्यानं सुगंधोपचारावर पुस्तक लिहिलं, हे अप्पा असं सांगतात की पट्टी बांधायला जणू हेच हजर होते.

रात्री साडेनऊला मांडामांड सुरू होते. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर पाण्याचा शिपका. डिफ्यूझरमध्ये लॅव्हेंडरचे चार थेंब. पाचवा पडला की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. उशीखाली नागरमोथ्याची पुरचुंडी. तळपायांना जटामांसीचं तेल, तेही तिळाच्या तेलात मिसळून, कारण नुसतं लावलं तर कातडीची आग होते. शेवटी दुधात जायफळ. ते सहाणेवर किती वळसे उगाळायचं यावरून काकूंशी वाद होतो. वाद नेहमी अप्पाच जिंकतात, कारण तोवर काकूंना झोप लागलेली असते. नातू त्या खोलीत पुस्तक घेऊन बसला की धडा संपायच्या आत आडवा. सुगंधाला गुण आहे, फक्त पत्ता चुकतो.

अप्पा मात्र टक्क जागे. झोप येतेय का, हे बघायला कोणीतरी जागं नको? उशाशी वही असते. ‘१.२०. वाळा उत्तम. जांभई एक, अर्धवट.’ ‘२.०५. लॅव्हेंडर मंदावलं. पाणी घातलं.’ खाडाखोड नाही, खाली सही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ‘वास खुशाल घ्या, मनाला बरं वाटतं. पण दुपारची झोप बंद करा आणि संध्याकाळनंतर चहा नको.’ अप्पा दुखावले. जेवण झालं की साडेचारपर्यंत ते घोरतात आणि रात्रीच्या मांडामांडीनं शिणवटा येतो म्हणून दहाला कडक चहा घेतात. ‘डॉक्टर, एवढे अघोरी उपाय नकोत,’ ते म्हणाले, ‘आपण नैसर्गिक मार्गानंच जाऊ.’

परवा मी विचारलं, ‘अप्पा, दुपारची झोप कोणत्या तेलावर लागते?’

‘तिला झोप म्हणतात होय?’ अप्पा उखडले. ‘रात्रीची तूट असते, ती दुपारी भरून काढतो. हिशेब थकवायची सवय नाही आपल्याला!’