वल्हं, शिट्टी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या

मालाडच्या माणसाचा पाण्यावरचा अनुभव म्हणजे मार्वे ते मनोरी फेरीबोट. तिच्यात स्कूटर चढते, कोळणींच्या पाट्या चढतात, आणि बोटीला काही वाटत नाही. त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या बारा जणांनी कोलाडला जाऊन कुंडलिकेत कॅनू चालवायचं ठरवलं, तेव्हा सामानही फेरीबोटीच्या हिशेबानंच भरलं गेलं.

कॅनू म्हणजे दोघांपुरती उघडी, निमुळती होडी. तीत एक जण उभा राहिला की दोघंही पाण्यात. यादी करायचं काम माझ्याकडे होतं. जोडीला एकच ड्राय बॅग, असं मी ग्रुपवर टाकलं. लगेच विचारणा झाली, "काजू-बदाम किती आणायचे?"

पहाटे साडेपाचला गेटवर माणसं बारा आणि पिशव्या एकोणीस. तळमजल्यावरच्या काकूंच्या तीन मजली डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू आणि लोणचं. सेक्रेटरीसाहेबांच्या हातात वार्षिक सभेचा भोंगा, "पांगापांग झाली तर हाका मारायला."

काठावर शिकवणाऱ्या मुलानं तो भोंगा शांतपणे टेम्पोत ठेवला आणि त्यांच्या लाइफ जॅकेटला शिट्टी अडकवली. मग जॅकेट खांद्याला धरून वर ओढलं. ते थेट कानापर्यंत आलं. "काका, पट्टे आवळा. पाण्यात जॅकेट वर आणि तुम्ही खाली, असं नको." सोसायटीत त्यांना इतक्या सरळ शब्दांत कोणी बोललेलं मला आठवत नाही.

ड्राय बॅगेत कोरडे कपडे, मोबाइल, प्रथमोपचाराचं सामान आणि मीठ-साखरेची पाकिटं गेली. तोंड तीनदा गुंडाळून कडी लावली आणि बॅग होडीच्या आडव्या दांडीला बांधली. जीन्स भिजली की अंगावर पोतं होतं, म्हणून जीन्सवाल्यांना कपडे बदलायला पिटाळलं. एकाची रबरी चप्पल मात्र पहिल्याच वळणावर सुटून रेवदंड्याच्या दिशेनं निघून गेली. पायात पट्ट्याचीच सँडल हवी, हे यादीत पाचव्या क्रमांकावर होतं.

कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून इकडे उतरतं. पाणी कधी सोडणार हे विचारल्याशिवाय नदीत पाय घालायचा नाही. त्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचा सत्याग्रह 1921 चा. काकूंचा त्या मानानं अगदीच छोटा, डब्यापुरता. "पुऱ्या नाहीत तर मीही नाही." शेवटी डबा काठावर राहिला आणि त्याच्या सोबतीला काकूही. आम्ही दीड तासानं गळून परतलो, तेव्हा पुऱ्या निम्म्या झाल्या होत्या.

तुम्ही गेलात तर एवढं करा, चष्म्याला मागून दोरी बांधा. यादीत ते मीच लिहिलं होतं. माझा चष्मा अजून कुंडलिकेत आहे.