शंकासुर

हृदयाचं कॉम्प्युटर मॉडेल बनवणाऱ्या प्रत्येक गटात एक शंकासुर असतोच. शिमग्यातला शंकासुर वर्षातून एकदा नाचून घरी तरी जातो. हा रोज कामावर येतो.

एखादी पीएचडीची मुलगी कित्येक रात्री जागून, बिंदूंच्या जाळीवर तयार केलेलं हृदय पडद्यावर लावते. विजेची लाल लाट सरकते, मागे निळं होत जातं, पुन्हा लाल. गाईड विरघळतात. टाळ्या पडणार एवढ्यात मागच्या खुर्चीतून घसा खाकरला जातो. "छान आहे. पण जाळी दुपटीनं बारीक केलीस, तरी लाट याच वेळेला पोचते का?"

पोचत नाही, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसतं. भांडायचीही सोय नाही, कारण २०११ सालचा पेपर त्याच्या खिशातच असतो. त्यात अकरा वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना एकच गणित घातलं होतं: हृदयाच्या स्नायूचा २० × ७ × ३ मिलिमीटरचा ठोकळा, एका कोपऱ्याला विजेची टिचकी, लाट समोरच्या कोपऱ्यात कधी पोचते ते सांगा. समीकरणं तीच, आकडे तेच. जाळीचं अंतर अर्धा मिलिमीटर ठेवलं तर ज्याचं त्याचं उत्तर निराळं, ०.१ मिलिमीटरला आणल्यावर कुठे मंडळी जवळ आली. "आणि तो नुसता ठोकळा होता हं," हे तो कधीच गाळत नाही.

त्याचा लाडका आकडा −४७.१३. लुओ आणि रूडी यांच्या १९९१ च्या मॉडेलमध्ये सोडियमच्या प्रवाहाचं एक सूत्र आहे. पेशीचं व्होल्टेज नेमकं इतके मिलिव्होल्ट झालं, की त्यात वरही शून्य आणि खालीही शून्य. माणूस कागदावर मर्यादा काढून पुढे जातो. कॉम्प्युटर 'ही संख्याच नव्हे' म्हणून अंग टाकतो, आणि पाठोपाठ शेजारच्या पेशीही. बरोबर तेवढंच व्होल्टेज यायची शक्यता किती, असं कुणी विचारलं की हा खुलतो. "कमी आहे ना? म्हणून तर चूक सापडत नाही."

त्याची काशी ऑक्सफर्ड. तिथे २००५ पासून 'चेस्ट' हे सॉफ्टवेअर आधी टेस्ट, मग कोड या रीतीनं वाढत गेलं. हे तो अशा सुरात सांगतो, की ऐकणाऱ्यानं चपला काढाव्यात. बाकी कुणाबद्दल भक्ती नाही. १९६० साली डेनिस नोबल यांनी लंडनमध्ये मर्क्युरी कॉम्प्युटरवर, पहाटे दोन ते चार एवढाच वेळ मिळत असताना, हृदयाच्या पेशीचा ठोका गणितानं उमटवला. ही गोष्ट ऐकून सगळ्यांचे डोळे पाणावतात. हा विचारतो, "त्या प्रोग्रामची प्रत कुठंय?"

'फायनल', 'फायनल२', 'खरंच_फायनल' अशी फायलींची नावं दिसली की त्याला धाप लागते. अशाच एका दुपारी गटानं त्याला बळेच ईसीजीला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. यानं विचारलं, "मशीनचं सॉफ्टवेअर कुठल्या व्हर्जनचं?" मग सेटिंग विचारली, फिल्टर विचारला, तारीख तपासली. वैतागून डॉक्टरांनी दुसऱ्यांदा पट्टी काढली. वाद घालून एव्हाना ठोके चांगलेच वाढले होते. दोन्ही पट्ट्या शेजारी धरून हा उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "बघा! जुळत नाहीत."