क्षारा, आमच्या गिझरमधून नीघ

बोअरच्या पाण्यातल्या क्षारास,

पत्रास कारण की, यवतमाळात थंडी पडली आहे आणि तुझा धंदा जोरात आहे. पहाटे पारा 10 अंशांकडे उतरतो, म्हातारी माणसं आंघोळीसाठी खोळंबून बसतात, गिझरचा लाल दिवा जळत राहतो आणि बादलीत मात्र गारढोण पाणी पडतं. मेकॅनिक येतो, ‘कॉईल गेली’ म्हणतो आणि नवी बसवून पैसे घेऊन जातो. नाव कॉईलचं, करणी तुझी.

लोक बोल लावतात थंडीला. अमेरिकेत गाडीतच संसार थाटून हिंडणारे लोक थंडीला भितात, ते खरं आहे. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि हीटरची टाकी फोडतं, म्हणून हिवाळ्याआधी ते टाकी रिकामी करून ठेवतात. आमच्याकडे नळातलं पाणी गोठत नाही. बर्फ निदान हंगाम पाहून तरी येतो. तू बाराही महिने पाइपातून बिनबोभाट घरात शिरतोस.

तुझं कूळ आम्हाला ठाऊक आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातला चुना विरघळवत खाली जातं. वणी, मारेगाव, झरी जामणीकडे तर चुनखडीच आहे. मुकुटबनला तिच्यावर सिमेंटचा कारखाना उभा राहिला. थंड पाण्यात तू दिसत नाहीस. पाणी तापलं की वायू उडून जातो आणि तू कॅल्शियम कार्बोनेट होऊन साचतोस, तेही जिथे सगळ्यात जास्त आच तिथेच, कॉईलच्या अंगावर. तुझ्या थरामुळे तिची उष्णता पाण्यात लवकर उतरत नाही. ती आतल्या आत तापत राहते आणि एके दिवशी जळते.

शेजारच्या घरी गिझर उघडला तेव्हा मी उभा होतो. बरेच दिवस तो आतून तडतडत होता, कोणी लक्ष दिलं नव्हतं. कॉईल बाहेर आली तेव्हा धातू कुठे दिसेचना. नुसतं पिवळट-पांढरं, खडबडीत कवच. पेचकसाच्या मुठीने ठोकल्यावर त्याच्या खपल्या फरशीवर पडल्या. टाकीच्या तळातून ओंजळभर चुरा निघाला. त्या घरातल्या आजी तोवर चुलीवर पाणी तापवत होत्या, धुरात खोकत. त्यांचा खोकला तुझ्या खात्यावर लिहून ठेवला आहे.

2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठला, शहर बोअर आणि टँकरवर आलं. माणसं घोटभर पाण्यासाठी रात्री जागत होती आणि त्या पाण्यातही तू होतासच. एकूण कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. ‘दुसरा स्रोत नसेल तर’ ही आमची लाचारी, आणि तू तिच्यावरच पोसला गेलास.

कॉईलपुरतं असतं तरी एक वेळ सोसलं असतं. पण तू सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाशीही बसतोस. तो तुंबला की वाढलेल्या दाबाला वाट राहत नाही आणि टाकी फुटू शकते. इथे तू माणसांच्या जिवावर उठतोस.

आता आमचं ऐक. थर्मोस्टॅट 50-55 अंशांवर आणला आहे, कारण पाणी जितकं कढत तितका तू जास्त साचतोस. दरवर्षी दिवाळीनंतर, थंडी पडायच्या आधी, मेन स्विच बंद करून टाकी रिकामी होईल. मेकॅनिक कॉईल काढेल आणि ती किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडेल. तिथे तू फसफसून विरघळशील. टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर तेव्हाच बदलली जाईल, व्हॉल्व्ह तपासला जाईल. गच्चीवरच्या सोलर हीटरच्या काचनळ्याही पहाटेच धुतल्या जातील, कारण भर उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत थंड पाणी गेलं तर ती तडकते.

आमच्या गल्लीतल्या सफाईची यादी झाली आहे. पहिलं नाव आजींच्या घराचं आहे, आणि या रविवारी तिथला सोलर हीटरही उघडणार आहे.

तुझ्यामुळे गारठलेला,
यवतमाळचा एक रहिवासी